पूर्ण दिवसाची सहल

१० जुलै २०२५, गुरुवार. कोपरखैरणे

आषाढ पौर्णिमा. आजपासून वर्षावास सुरू. संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन झालं, मग खीर. बत्तीस माणसं होती, मागच्या वर्षीपेक्षा नऊ जास्त.

ही वही सुनयनाने आणून दिली. म्हणाली, "परदेशात जाताय, रोजचं लिहून ठेवा. नायतर परत येऊन मलाच विचाराल, आपण बघितलं काय म्हणून." लिहायची मला सवय आहे. रबाळ्याच्या औषध कारखान्यात एकतीस वर्षं बॉयलर अटेंडंट होतो. दर तासाला प्रेशर, पाण्याची पातळी, चिमणीचं तापमान, सगळं लॉगबुकात. माझ्या शिफ्टमध्ये कधी खाडाखोड सापडली नाही.

चोवीस तारखेला आम्ही दोघं संघमित्राकडे निघतोय. आमची एकुलती एक. वाशीला एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी केलं, मग स्पेनमध्ये किण्वनशास्त्र. म्हणजे इडलीचं पीठ आंबतं त्याचं शास्त्र, असं तिने मला समजावलं होतं. आता दोन वर्षं लान्झारोते नावाच्या बेटावर फळप्रक्रिया कारखान्यात लॅब सांभाळते. आफ्रिकेच्या बाजूला समुद्रात आहे ते बेट, ज्वालामुखीचं. विहारात मुलांना मार्गदर्शन करताना मी तिचं उदाहरण नेहमी देतो. सुनयना म्हणते जरा जास्तच देतो.

१३ जुलै, रविवार

समितीची बैठक झाली. चिटणीसाची जागा रिकामी आहे, तिथे तरुण मंडळींनी पुन्हा अभयचं नाव आणलं. सौरभ फार तावातावाने बोलत होता. मी शांतपणे नियमावली काढली आणि कलम ११ वाचून दाखवलं: "मद्याच्या व्यवसायातून स्वतः किंवा कुटुंबातील कोणीही उपजीविका करत असल्यास अशा व्यक्तीस समितीचे पद भूषवता येणार नाही."

अभय तुर्भ्याला एका परमिट रूममध्ये कॅप्टन आहे. पोरगा वाईट नाही. सकाळी येऊन विहार झाडतो, ट्यूबलाइट बदलतो, जयंतीला माईक तोच लावतो. पण अध्यक्ष म्हणून मला तत्त्व बघावं लागतं. पाचवं शील आपण रोज म्हणतो, आणि सम्यक आजीविकेत दारूचा धंदा बसत नाही हे लहान मूलसुद्धा सांगेल.

कलम मीच लिहिलंय, नऊ वर्षांपूर्वी. पहिल्यांदा फक्त "स्वतः" होतं. तेव्हा या लोकांनी अभयऐवजी त्याच्या आईचं, बयाबाईचं नाव उपाध्यक्ष म्हणून पुढे केलं. पळवाट! मग मी "किंवा कुटुंबातील कोणीही" घातलं. बयाबाई तेव्हा एक शब्द बोलली नाही. समजूतदार बाई आहे. आजही भिंतीला टेकून गप्प बसली होती.

थोरला भाऊ भैरूदादा दारूने गेला तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. गावाहून रुग्णालयापर्यंत चार जणांनी डोलीतून नेलं, मी पुढच्या बाजूला होतो. पोहोचेपर्यंत संपलं होतं. मी कडक आहे म्हणतात. म्हणोत.

विषय १० ऑगस्टच्या बैठकीवर ढकलला. मी आल्यावर कायमचा निकाली काढायचा.

२६ जुलै, शनिवार. आरेसिफे, लान्झारोते

पोहोचलो. दोन विमानं बदलली, सुनयनाचे पाय सुजले, माझं काही नाही. संघमित्रा न्यायला आली होती. वाळली आहे. सध्या तिच्याकडे फळांचा हंगाम आहे, त्यामुळे सुट्टी मिळत नाही म्हणाली. पहाटे पाचला जाते, संध्याकाळी सातला येते. तिच्या कोटाला गुऱ्हाळात येतो तसा आंबूस गोड वास येतो. नखांच्या कडा काळ्या. मी म्हटलं, "लॅबवाल्यांनी हातमोजे घालावेत." म्हणाली, "घालते पप्पा, तरी लागतं."

घर छोटं पण नीटनेटकं. टेबलावर बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो, समोर कृत्रिम फूल. मन भरून आलं. मुलगी इतक्या लांब येऊनही बदललेली नाही.

२७ जुलै, रविवार

रविवार असून ती कामावर गेली. मी म्हटलं, आम्हाला तुझा कारखाना तरी दाखव. म्हणाली, "व्हिजिटर अलाउड नाहीत पप्पा, हायजीनचा प्रॉब्लेम असतो." मला ऐकून बरंच वाटलं. आमच्याकडेही असंच होतं, मंत्री आला तरी टोपी घातल्याशिवाय आत सोडायचे नाहीत.

दोघी मायलेकी स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत बसतात. मी गेलो की भाजीचा विषय निघतो.

संघमित्राने आमच्यासाठी बुधवारची सहल ठरवली आहे. बस घराजवळून नेते, गाइड बरोबर असतो. ज्वालामुखीचा डोंगर आणि मिठागरं, दुपारी एकला परत. अर्ध्या दिवसाची. मी विचारलं, पूर्ण दिवसाची नसते का? तर म्हणे, "तुम्ही दमाल."

बॉयलरवर उन्हाळ्यात बारा तास उभा राहिलेला माणूस एसी बसमध्ये बसून दमणार!

२९ जुलै, मंगळवार

आज कोपऱ्यावरच्या सहलवाल्यांच्या ऑफिसात मी स्वतः गेलो. माझं इंग्रजी कारखान्याचं आहे, पण चालतं. पूर्ण दिवसाच्या सहलीत ज्वालामुखी, मिठागरं, स्थानिक जेवण आणि शिवाय राखेतल्या द्राक्षबागा. राखेत द्राक्षं कशी लागतात हे मला बघायचंच आहे. आमच्या गॅलरीत साधी मिरची धरत नाही. तिकीट बदलून घेतलं.

सुनयनाला सांगितलं तर तिचा चेहराच उतरला. "बदलून आना परत. माझं डोकं दुखतंय." मी म्हटलं, सहल उद्या आहे आणि डोकं आज दुखतंय. मग म्हणाली, "द्राक्षाच्या बागेत आपलं काय काम?" मी सांगितलं, द्राक्षं म्हणजे लगेच दारू असं नसतं, तासगावला बेदाणे करतात. आणि कोणी बाटली पुढे केलीच तर मला नाही म्हणता येतं. पंचेचाळीस वर्षं म्हणतोय.

ती संघमित्राला फोन लावत होती, लागला नाही. हंगामात लॅबमध्ये फोन बाहेर ठेवावे लागतात. संध्याकाळी संघमित्राचा निरोप आला की काम फार आहे, रात्री तिथेच झोपेन. सुनयनाने लगेच फोन लावला तर पुन्हा बंद, मग मायलेकींची भेट झाली नाही म्हणून तोंड पाडून बसली. मला हिचं काही कळत नाही.

३० जुलै, बुधवार

सगळं क्रमाने लिहितो.

बस साडेआठला आली. चोवीस प्रवासी, इंग्रज आणि जर्मन जास्त. गाइड बाईचं नाव नायरा, पन्नाशीची, बेटावरचीच. पहिल्यांदा स्पॅनिशमध्ये सांगते, मग इंग्रजीत. सुनयना खिडकीशी बसली होती आणि मोबाइल हातातून सोडत नव्हती.

शहर संपलं की झाडं संपतात. नंतर नुसता काळा दगड, नजर पोहोचेल तिथपर्यंत. नांगरलेल्या शेताची ढेकळं असावीत तसा, पण प्रत्येक ढेकूळ म्हशीएवढं आणि कडा सुरीसारख्या. नायराने सांगितलं की १७३० साली जमीन फुटली ती सहा वर्षं थांबली नाही. गावंच्या गावं खाली गेली. सगळ्यात सुपीक भाग होता, गव्हाचा. माणसं बोटीत बसून दुसऱ्या बेटांवर गेली आणि काही वर्षांनी त्यातली काही परत आली. मी विचारलं, कशासाठी परत आली, इथे काय उरलं होतं? म्हणाली, "त्यांचं होतं ना."

वर डोंगरावर एक माणूस जमिनीतल्या पाइपात बादलीभर पाणी ओततो. दोन-तीन सेकंदांत वाफेचा खांब फुसकन उडतो, दोन माणसं उंच. सगळे किंचाळले, फोटो काढले. मी किंचाळलो नाही. हा साधा ब्लो-डाऊन आहे, बॉयलरमधलं पाणी आणि वाफ बाहेर सोडतात तसा. फरक एवढाच की इथे जाळ कोणी घातला ते दिसत नाही आणि बंद करायला व्हॉल्व्ह नाही. एका खड्ड्यात वाळकी काटकी टाकली ती आपोआप पेटली. पायाखाली काही मीटरवर इतकी आग आहे आणि वर उपाहारगृह चालू आहे, लोक कॉफी पितात. मी मात्र सुरक्षेच्या दृष्टीने जिन्याजवळ उभा राहिलो.

मिठागरांवर थोडा वेळ थांबलो. पांढरे ढीग, वाफे, खारा वारा. सुनयना पहिल्यांदाच हसली, म्हणाली, "हे बघायला इतक्या लांब आलो व्हय?" जेवणात बटाटे आणि मासा. चांगला होता, तिखट कमी.

तीन वाजता ला हेरिया नावाच्या भागात आलो. हे मी नीट लिहून ठेवतो कारण असं काही मी आयुष्यात पाहिलं नाही. डोंगरउतारावर सगळीकडे काळी राख, बाजरीएवढ्या दाण्यांची. त्या राखेत हजारो खड्डे. प्रत्येक खड्डा माणूस उभा राहिला तर दिसणार नाही इतका खोल, कड पसरट. तळाशी एकच वेल, जमिनीला लगटून. वाऱ्याच्या बाजूला दगडांची अर्धी भिंत, चुना-सिमेंट काही नाही. आमच्याकडे माडाला आळं करतात तसं, पण आळं वीस फूट रुंद. राखेच्या खाली जुनी माती आहे, मुळं तिथे पोहोचावीत म्हणून इतकं खणायचं. पाऊस जवळजवळ नाही. रात्रीचं दव राख पिते आणि दिवसा धरून ठेवते, मुळांना देते. यंत्र खड्ड्यात उतरत नाही, म्हणून तोडणी हाताने, गुडघ्यावर बसून. ज्या राखेने शेती बुडवली तिच्याच जोरावर शेती करायची! मी बसमधल्या लोकांना सांगितलं, याला म्हणतात डोकं. एका जर्मन माणसाने मान हलवली.

मग बस एका लांब पांढऱ्या इमारतीपुढे थांबली. आतून गुऱ्हाळाचा वास आला. तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी सुनयनाला म्हटलं, "वास ओळखीचा आहे." ती म्हणाली, "तुमी बसमध्येच बसा, पाय दुखत असतील." मी म्हटलं, पैसे दिलेत, बघून येऊ. पिणार थोडंच आहोत.

हॉलमध्ये लाकडी पिंपं, लांब टेबल, पेले मांडलेले. नायरा म्हणाली, नेहमी माहिती देणारे गृहस्थ आज तोडणीवर आहेत, म्हणून लॅबच्या मुख्य केमिस्ट बोलतील. आतल्या दारातून पांढरा कोट घातलेली मुलगी आली. संघमित्रा.

मी हाक मारणार तेवढ्यात सुनयनाने माझा दंड धरला. इतका जोरात की आत्ता लिहितानाही दुखतो आहे. त्या क्षणी मला कळलं की हिला माहीत होतं.

संघमित्राने आम्हाला पाहिलं. हातातली बाटली तिने टेबलावर ठेवली, परत उचलली. मग बोलायला लागली. इंग्रजीत, स्पॅनिशमध्ये, मध्येच एका जर्मन बाईला तिच्या भाषेत दोन शब्द. द्राक्षाची जात, साखर किती, आम्ल किती, यीस्ट किती तापमानाला काय करतं. एकदाही अडखळली नाही. आमच्या कारखान्यात मोठमोठे साहेब प्रेझेंटेशन देताना कागद बघायचे. मला एकाच वेळी तिचा अभिमान वाटत होता आणि तिथून पळून जावंसं वाटत होतं. बोलता बोलता ती पेल्यांत ओतत होती, माझ्यापुढेही पेला आला. मी तो शेजाऱ्याकडे सरकवला.

"काही प्रश्न?" तिने विचारलं. मी हात वर केला, सेफ्टी मीटिंगमध्ये करायचो तसा. इंग्रजीत विचारलं, "मॅडम, तुम्ही स्वतः हे पिता का?"

"नाही सर," ती म्हणाली. माझी मुलगी मला सर म्हणाली.

"मग चव कशी घेता?"

तिने पेला घेतला, घोट तोंडात घेतला, इकडून तिकडे फिरवला आणि बाजूच्या बादलीत थुंकला. मग रुमालाने ओठ टिपून म्हणाली, "हंगामात मी दिवसाला चाळीस नमुने तपासते. सगळे असे. थुंकायची पद्धत या धंद्यात सगळीकडे आहे, पण संध्याकाळी बाकीचे एखादा पेला घेतात. मी घेत नाही. तो कारखान्याचा नियम नाही, माझ्या घरचा आहे."

एक इंग्रज म्हणाला, "बिचारी!" आणि सगळे हसले. तीही हसली. मी नाही हसलो. बसमध्ये बसेपर्यंत मला पायऱ्या दिसत नव्हत्या.

३१ जुलै, गुरुवार

काल रात्रीचं आज लिहितो.

ती आठला घरी आली. कोट काढला, हात धुतले, माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसली. मी विचारलं, "फळप्रक्रिया?"

"द्राक्ष फळच आहे पप्पा."

"वकिली नको."

"सॉरी." मी मोठ्याने बोलेन असं दोघींना वाटत होतं. मी हळू आवाजात म्हटलं, "मला घाबरलीस? मी कधी हात उगारला तुझ्यावर?"

उत्तर सुनयनाने दिलं. "तुमाला कोण घाबरतंय? तुमच्या खुर्चीसाठी गप्प बसली ती. कलम अकरा कोनी टाइप केलं होतं, आठवतंय का?"

आठवलं. तेव्हा संघमित्रा बी.एस्सी.ला होती. नियमावली तिनेच कॉम्प्युटरवर टाइप केली. "किंवा कुटुंबातील कोणीही" हे शब्द मी तिला सांगितले आणि तिने विचारलं होतं, "पप्पा, त्याच्या आईने काय केलंय?" बयाबाईबद्दल विचारत होती. मी म्हटलं होतं, तू टाइप कर.

"नोकरी लागली तेव्हाच मला कळलं, तुमचं पद जाणार," ती म्हणाली. "विहार म्हणजे तुमचा जीव. रिटायर झाल्यावर दुसरं आहे काय तुम्हाला? म्हणून आईला सांगितलं आणि तुम्हाला नाही. तिकडे कुणालाच कळणार नाही पप्पा. तुम्ही पण बोलू नका. प्लीज."

मी जेवलो नाही. रागाने नाही. ताट झाकून ठेवलं आणि टेबलावरच्या फोटोंसमोर बसून राहिलो.

२ ऑगस्ट, शनिवार

काल काही लिहिलं नाही. समुद्रावर फिरून आलो. विचार एकच. कोपरखैरण्यात कोणाला कळणार? कोण येतंय या बेटावर? "फळप्रक्रिया" म्हणत राहिलो तर कलमही राहील, खुर्चीही राहील, आणि १० तारखेला अभयचा विषयही निकालात निघेल.

मग वाटतं, ती तर थुंकते. अभय थोडाच थुंकतो? तो लोकांच्या पेल्यात ओततो. पण ओतते तर हीसुद्धा. माझ्या देखत ओतली.

संघमित्राला विचारलं, ही नोकरी सोडशील का? म्हणाली, "तुम्ही सांगाल तर सोडेन. पण मला आवडते पप्पा." मी सांगितलं नाही. सांगावं असंही वाटलं आणि नाही असंही. त्या हॉलमध्ये ती बोलताना कशी दिसत होती ते डोळ्यांसमोरून जात नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

निघालो. विमानतळावर ती माझ्या पाया पडायला वाकली, मी मध्येच धरलं. रडलो. सुनयना म्हणाली, लोक बघतायत.

८ ऑगस्ट, शुक्रवार. कोपरखैरणे

विहारात गेलो. "गमरे साहेब, कशी झाली टूर? मुलगी काय म्हणते?" सगळ्यांनी विचारलं. मी वाफेच्या खांबाबद्दल सांगितलं. मिठागरांबद्दल सांगितलं. द्राक्षांबद्दल बोललो नाही. बयाबाईने विचारलं, "संघमित्रा बरी हाय ना? जेवते ना नीट?" मी मान हलवली आणि चप्पल घालून निघालो. घरी येऊन सुनयनाला म्हटलं, मला हे जमणार नाही. ती म्हणाली, "मग नका जमवू."

१० ऑगस्ट, रविवार

बैठक साडेदहाला. सगळे आले होते. अभय माईकपाशी, बयाबाई भिंतीला टेकून. सौरभ चिटणीसाचा विषय काढणार तोच मी उभा राहिलो. कागद नव्हता. म्हटलं, "माझी मुलगी संघमित्रा वाइनच्या कारखान्यात केमिस्ट आहे. दोन वर्षं. मला गेल्या आठवड्यात कळलं. कलम ११ प्रमाणे मी अध्यक्ष राहू शकत नाही."

मी खुर्ची सोडून बाजूला उभा राहिलो.

मग सौरभ म्हणाला, "काका, एवढं टेन्शन कशाला घेता? कलमच काढून टाकू ना. आत्ता ठराव घेऊ. हात वर करा कोण कोण." हात वर झाले. सात, आठ. तुमी बसा साहेब, तुमी बसा, असं चाललं होतं. खरं लिहितो, मला इतकं हलकं वाटलं की मी खुर्चीकडे वळलोसुद्धा होतो.

"काढा की," बयाबाई म्हणाली. "पन आजच का काढताय?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती उठली नाही, बसूनच बोलली. "माझ्या पोराच्या वेळेला नऊ वर्सं हे कलम दगडावर कोरल्यागत होतं. मला पन त्यात घातलंत. मी काय ओतत व्हते का कुनाला? आज साहेबांच्या पोरीची पाळी आली तर एका मिनटात जातंय. संघमित्रा माझ्या मांडीवर वाढली, तिचं वाईट नाय म्हनत मी. पन कलम आज वाईट असंल तर तवा बी वाईटच व्हतं. तसं वहीत लिवा. तसं लिवून मग काढा."

माझ्या तोंडाशी आलं होतं की माझी मुलगी पीत नाही हो, ती थुंकते, मी डोळ्यांनी पाहिलंय. ते सांगितलं की अभय वेगळा आणि संघमित्रा वेगळी असं सिद्ध झालं असतं. अभय माझ्याकडे बघत नव्हता, माईकच्या वायरीची गाठ सोडवत होता. मी ते वाक्य गिळलं.

इतिवृत्ताची वही मागून घेतली आणि माझ्या हाताने लिहिलं: "कलम ११ हे किसन गमरे यांनी मांडले. त्यामुळे अभय व बयाबाई यांच्यावर नऊ वर्षे अन्याय झाला. हे मान्य करून कलम रद्द करण्यात येत आहे." वाचून दाखवलं. बयाबाई म्हणाली, "हां." खाली सही केली आणि त्याखाली माझा राजीनामा लिहिला. सौरभ नको नको म्हणत होता, मी ऐकलं नाही. कलम रद्द झालं म्हणून मी नऊ वर्षं केलं ते थोडंच रद्द होतं! नवी निवड पुढच्या रविवारी.

लोक पांगले. अभय वायर गुंडाळत मागे थांबला होता. मी त्याच्याजवळ गेलो. सरळ विचारलं, "अभय, तू घेतोस का रे?"

"काय काका?"

"दारू."

"नाय. एक थेंब नाय. कधीच नाय."

"मग तेव्हा सांगितलं का नाहीस मला?"

त्याने वायरीचा वेढा पिशवीत ठेवला. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "तुमी विचारलंत कुठं?"

मला लाज वाटली. मुलीला विचारायला मला दहा मिनिटंही लागली नव्हती, आणि याला विचारायला नऊ वर्षं लागली.